मगरीच्या तोंडातला विस्तव : हुआन डाउनी, यानोमामी आणि व्हिडिओ

व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या सीमेवरच्या जंगलात राहणाऱ्या यानोमामी लोकांत माणूस गेला की त्याच्या खुणा पुसायचं काम सुरू होतं. त्याचे धनुष्यबाण, झुला, परड्या जाळतात किंवा मोडून टाकतात. त्याने लावलेली झाडं तोडतात. त्याचं नाव नातेवाइकांसमोर कोणी घेत नाही. देह जाळल्यावर उरलेली हाडं कुटून त्यांची पूड करतात, ती भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवतात आणि पुढे मोठ्या मेजवानीला आप्तजन जमले की केळ्यांच्या पेजेत कालवून पितात. काही गावांत ती चुलीशेजारी पुरतात. राख संपली की मेलेला माणूस खऱ्या अर्थाने गेला आणि मागे राहिलेले दुःखातून सुटले. आपल्याकडे तेराव्याच्या आत फोटो मोठा करून आणतात, हार घालून भिंतीवर लावतात आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. यानोमामींचा रिवाज याच्या थेट उलट.

१९७६च्या अखेरीस या लोकांत एक चिलीचा कलावंत व्हिडिओ कॅमेरा घेऊन राहायला आला. त्याचं नाव हुआन डाउनी. तिथल्या चित्रणातून १९७९ साली ‘द लाफिंग अ‍ॅलिगेटर’, म्हणजे हसणारी मगर, ही २७ मिनिटांची टेप तयार झाली. दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासी मिथकांवर बेतलेल्या व्हिडिओ कलेची चर्चा निघाली की या टेपचं नाव हमखास येतं. मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं ते त्यातल्या एका पेचासाठी. प्रतिमा टिकवणं हा ज्या माध्यमाचा धर्म, ते माध्यम मृताची प्रतिमा पुसणं हा ज्यांचा धर्म, त्यांच्या घरात गेलं. मग काय झालं?

सान्तियागो ते ओरिनोको

डाउनीचा जन्म १९४०चा, सान्तियागोचा. शिक्षण वास्तुरचनेचं. त्यानंतर पॅरिसला छापचित्रकला, मग वॉशिंग्टन, आणि अखेर न्यूयॉर्क. साठच्या दशकाच्या शेवटी तो माणसाच्या हालचालीला, आवाजाला प्रतिसाद देणारी इलेक्ट्रॉनिक शिल्पं करत होता. माणूस, यंत्र आणि परिसर यांच्यात ऊर्जा आणि माहिती सतत इकडून तिकडे जात असते, आणि हे अदृश्य जाळं हीच खरी वास्तू, असा त्याचा विचार. तो वास्तुविशारद होता हे ध्यानात ठेवायला हवं. यानोमामींकडे जाण्याचं कारणही त्याने वास्तुरचनेच्याच भाषेत सांगितलं.

त्या काळात सोनी कंपनीचा पोर्टापॅक बाजारात आला होता. खांद्याला लटकवायचा टेप रेकॉर्डर आणि हातात कॅमेरा, इतकाच सरंजाम. चित्रपटाची फिल्म धुवायला शहरात पाठवावी लागायची आणि आठवड्यांनी बघायला मिळायची. व्हिडिओ टेप मात्र तिथल्या तिथे मागे फिरवून दाखवता येई. ज्याचं चित्रण केलं तो माणूस त्याच संध्याकाळी स्वतःला पडद्यावर बघू शकत होता. डाउनीला या माध्यमात सगळ्यात मोलाचं हेच वाटलं.

१९७३ साली त्याने ‘व्हिडिओ ट्रान्स अमेरिकाज’ हा उपक्रम सुरू केला. अमेरिका खंडातल्या कितीतरी संस्कृती एकमेकींपासून तुटून राहिल्या आहेत, त्यांची मिथकं सामाईक आहेत तरी त्यांना एकमेकींचा पत्ता नाही, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून गाडीत पोर्टापॅक टाकून निघायचं, एका गावात चित्रण करायचं, ते पुढच्या गावाला दाखवायचं, तिथलं त्याच्या पुढच्या गावाला, आणि शेवटी न्यूयॉर्कला बसून सगळ्याचं संकलन करायचं. मेक्सिको, ग्वातेमाला, पेरू, बोलिव्हिया असा तो फिरला. याच सुमारास, ११ सप्टेंबर १९७३ रोजी, चिलीत लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं सरकार उलथवलं. ज्या खंडाला एकत्र जोडायचं होतं त्यात त्याचा स्वतःचा देशच बदलून गेला. १९७६ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात हे काम दाखवलं गेलं. पुढच्या मांडण्यांत जमिनीवर अमेरिका खंडांची बाह्यरेषा आणि तिच्यावर त्या त्या जागी मॉनिटर, असं त्याचं रूप रूढ झालं. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे ते आज याच रूपात आहे.

काम देखणं आहे, पण त्यात एक उणीव मला जाणवते. माया आणि इंका लोकांचं विश्व त्यात प्रामुख्याने अवशेषांतून, दगडांतून, रस्त्यावरच्या चेहऱ्यांतून येतं. कॅमेरा येतो आणि निघून जातो. मिथक सांगणारा माणूस आणि ते ऐकणारा माणूस एका चुलीपाशी बसलेले दिसत नाहीत. डाउनीलाही हे जाणवलं असावं, कारण पुढची पायरी त्याने वेगळी उचलली. पत्नी मॅरिलिस बेल्ट आणि सावत्र मुलगी यांना घेऊन तो व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या वरच्या खोऱ्यात यानोमामींच्या वस्तीत गेला आणि १९७७पर्यंत तिथेच राहिला.

मगर हसली त्याची गोष्ट

टेपचं शीर्षक ज्या कथेवरून आलं ती गावागणिक थोडी बदलते. तिचा गाभा असा. आधी विस्तव फक्त एकाकडे होता. तो इवारिवे, मगरीच्या रूपातला पूर्वज. त्याने विस्तव तोंडात लपवून ठेवला होता. तो आणि त्याची बायको अळ्या भाजून खात आणि बाकीच्यांना कच्च्या देत. एकदा कुणाला तरी भाजलेल्या अळीचा किंवा करपलेल्या पानाचा तुकडा सापडला आणि बिंग फुटलं. मग सगळे जमले आणि त्याला हसवायला लागले. नाच झाले, सोंगं झाली. इवारिवे तोंड घट्ट मिटून बसलेला. शेवटी एका पक्ष्याने असा काही अचकट चाळा केला की त्याला हसू आवरेना. तोंड उघडलं, विस्तव बाहेर पडला, दुसऱ्या पक्ष्याने तो झटकन उचलून उंच झाडावर नेऊन ठेवला. काही आवृत्त्यांत इवारिवेची बायको, जी बेडूक आहे, तो विझवायला धावते आणि जमत नाही तेव्हा माणसांना बजावते : हा विस्तव तुम्ही चोरलात खरा, आता तुमचे देहही हाच जाळील.

या एका कथेत जेवण आहे, चोरी आहे, हशा आहे आणि चिताही आहे. ज्या विस्तवाने अन्न शिजतं त्यानेच मृत जळतो, आणि त्याची राख पुन्हा अन्नात कालवली जाते. विस्तव मिळाला तो जबरदस्तीने हिसकावून नव्हे, कुणाला तरी हसवून. मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नन यांच्या १९६८च्या पुस्तकाने यानोमामींवर ‘उग्र लोक’ असा शिक्का मारला होता आणि पुढे मानवशास्त्राच्या वर्गांतून तो जगभर गेला. डाउनीने अशा लोकांवरच्या टेपला हसण्याच्या कथेचं नाव दिलं, ही माझ्या मते या कामातली सर्वांत विचारपूर्वक केलेली निवड आहे.

टेपमध्ये काय आहे

टेप माहितीपटाच्या शिस्तीत चालत नाही. अधूनमधून डाउनी स्वतः कॅमेऱ्यासमोर येतो. मॅरिलिस आणि मुलगी आपापले अनुभव सांगतात. मध्येच टीव्हीवरच्या निवेदकाची नक्कल असावी तसा सूर लागतो. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या दूरचित्रवाणी केंद्राच्या टीव्ही लॅबमध्ये ही टेप पूर्ण झाली. टीव्हीवर ‘जंगलातले लोक’ कसे दाखवतात याची पूर्ण जाण ठेवूनच ती रचलेली आहे. जंगलाबद्दल सगळं ठाऊक असलेला, पण स्वतः कुठेच न दिसणारा आवाज डाउनीने वापरला नाही. बोलणारा कोण, तो कुठून आला, त्याला काय हवंय, हे सगळं उघड ठेवलं.

त्याला काय हवं होतं, तेही तो सांगतो, आणि ऐकताना आपण चमकतो. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या लोकांनी आपल्याला खावं अशी त्याची इच्छा होती. बलिदान म्हणून नव्हे. आपल्याला खाणाऱ्या माणसांच्या आत शरीराने आणि मनाने राहायला जाणं ही त्याच्या लेखी वास्तुरचनेची परमावधी होती. यानोमामी राखेची पेज पितात या गोष्टीकडे त्याआधी बाहेरचे लोक किळस किंवा कुतूहल म्हणून बघत. डाउनीने तिच्याकडे घर म्हणून पाहिलं. मृताला ठेवायचं तर दगडी थडग्यात कशाला, जिवंत माणसांत ठेवावं. त्या रिवाजाचा इतक्या गांभीर्याने आणि आपुलकीने विचार केलेलं दुसरं व्हिडिओ काम माझ्या पाहण्यात नाही.

एका प्रसंगाकडे जवळून बघायला हवं. जंगलातल्या वाटेवर डाउनी दोन यानोमामी सोबत्यांबरोबर चालला आहे. चालता चालता ते थांबतात, वळतात आणि त्याच्यावर शस्त्र रोखतात. डाउनी कॅमेरा खाली ठेवत नाही. बंदूक धरावी तसा तो त्यांच्यावर रोखून उभा राहतो. प्रसंग निवळतो. तो अचानक घडलेला किती आणि वाढवून सांगितलेला किती, याचा निकाल लागत नाही, आणि लागण्याची गरजही नाही. दोन्ही बाजूंना रोखलेलं काहीतरी आहे, हे इथे उघड दिसतं. तोवर यानोमामींवर निघालेल्या बहुतेक चित्रणात बाण दिसे, पण त्याच्यासमोर रोखलेली काच दिसत नसे.

याच्या उलट टोकाला आहे शामानच्या, म्हणजे अदृश्य शक्तींना बोलावणाऱ्या भगताच्या, विधीचं चित्रण. झाडापासून केलेली पूड लांब नळीतून नाकात फुंकली जाते, शामान डोलायला, गायला, पावलं टाकायला लागतो. तो जे बघतो ते कॅमेऱ्याला दिसत नाही. यानोमामींच्या विश्वात प्रत्येक प्राण्याची, झाडाची, नदीची एक मूळ प्रतिमा असते. शामान त्या प्रतिमांना गाण्याने बोलावतो आणि त्या झगमगत, नाचत, आरशांवरून उतरत येतात. ब्राझीलकडचे यानोमामी त्यांना शापिरी म्हणतात. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. म्हणजे ज्याला आपण ‘खरं चित्रण’ म्हणतो ते त्यांच्या हिशेबाने फक्त वरचं कवच आहे. डाउनीने इथे खास परिणाम घालून शापिरी ‘दाखवण्याचा’ मोह आवरला, हे त्याचं शहाणपण. त्याच मुक्कामात तो रोज ध्यानासारखी रेखाचित्रं काढत होता. कागदभर एकाच केंद्राभोवती फिरत जाणारी वर्तुळं आणि मळसूत्रं. जे कॅमेऱ्यात येत नव्हतं ते त्याने त्या वर्तुळांत शोधलं, असं मला वाटतं.

वर्तुळ यानोमामींच्या घरातही आहे. व्हेनेझुएलाच्या बाजूला त्याला शाबोनो म्हणतात. मधे मोकळं अंगण, भोवती गोलाकार उतरतं छप्पर, आणि छपराखाली प्रत्येक कुटुंबाची वेगळी चूल. रात्री अंगणातून बघितलं तर विस्तवांचं कडं दिसतं. डाउनीने ‘सर्कल ऑफ फायर्स’ या मांडणीत दालनात मॉनिटर वर्तुळात ठेवले. प्रत्येक चुलीच्या जागी एक पडदा. बघणारा मधल्या अंगणात उभा राहतो आणि चारी बाजूंनी जंगलातल्या दिवसाचं चित्रण चालू असतं. एका पडद्यासमोर बसून बघण्याची सवय इथे मोडते, कारण पाठीमागेही काहीतरी चालू असतं. मिथकावर आधारित कला म्हणजे मिथकातली पात्रं रंगवणं, असा आपला सर्वसाधारण समज. इथे मिथक आणि घर यांची रचनाच माध्यमाची रचना झाली.

राखेचा प्रश्न

एवढं सगळं मान्य करूनही पेच राहतोच. टेपमध्ये दिसणारी माणसं १९७६–७७ साली जिवंत होती. त्यातली बहुतेक आता नसणार. त्यांचे धनुष्यबाण जळाले, राख पिऊन झाली, नावं थांबली. चेहरे मात्र न्यूयॉर्क, लंडन, माद्रिदच्या दालनांत चालू आहेत, आणि टेप संपली की पुन्हा सुरू होतात. स्वतः डाउनी १९९३ साली न्यूयॉर्कला कर्करोगाने गेला. त्याची राख कुणी प्यायलं नाही. त्याच्याही प्रतिमा संग्रहालयांत जपून आहेत. त्याच्या संस्कृतीत तो सन्मान आहे, यानोमामींच्या संस्कृतीत तसा नाही.

हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही हे रक्ताच्या नमुन्यांच्या प्रकरणावरून कळतं. १९६७च्या सुमारास अमेरिकी संशोधकांनी यानोमामींचं रक्त घेतलं. ते अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत गोठवून ठेवलं होतं. मेलेल्यांचं रक्त परक्या देशात शीतकपाटात पडून आहे हे कळल्यावर यानोमामी हादरले, आणि त्यांनी ते परत मागितलं. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१५ साली २,६००हून अधिक नमुने ब्राझीलला परत आले आणि विधीपूर्वक जमिनीत पुरले गेले. रक्त आणि व्हिडिओ टेप एकच नव्हेत. पण मृताचा काहीही अंश मागे राहू नये हा आग्रह दोन्हीकडे तोच आहे.

डाउनी ओरिनोकोकाठी होता त्याच काळात सीमेपलीकडे, ब्राझीलमध्ये, छायाचित्रकार क्लाउडिया अंदुजार याच लोकांचे फोटो काढत होत्या. नाझी छळात त्यांचं वडिलांकडचं कुटुंब मारलं गेलं होतं. त्या १९७१पासून यानोमामींकडे जात. ऐंशीच्या दशकात सोनं शोधणाऱ्यांचे लोंढे जंगलात घुसले, त्यांच्यामागून मलेरिया आला, पाऱ्याने नद्या नासल्या. १९८९ साली अंदुजार यांनी आपलेच जुने फोटो रंगीत प्रकाशात पुन्हा टिपून साओ पावलोच्या संग्रहालयात ध्वनी आणि प्रतिमांची एक मांडणी केली. तिच्या नावातच यानोमामींचा संहार आणि ब्राझीलचा मृत्यू एकत्र आले होते. १९९२ साली ब्राझीलने ९६ लाख हेक्टरचा यानोमामी प्रदेश मान्य केला, त्यामागच्या लढ्यात त्या पहिल्यापासून होत्या. तिथे प्रतिमा टिकवण्याला सरळ कारण होतं : जंगल राहिलं नाही तर राख प्यायलाही कुणी उरणार नाही. डाउनीच्या टेपला असं कारण नव्हतं, आणि म्हणूनच तिला हा प्रश्न जास्त टोचतो.

कॅमेरा त्यांच्या हातात

डाउनीने आपला कॅमेरा यानोमामींच्या हाती दिला होता. कॅमेरा धरलेल्या यानोमामींचे फोटो आहेत. पण संकलनाचं टेबल न्यूयॉर्कलाच राहिलं. ते हलायला तीन दशकांहून जास्त काळ गेला.

२००४ साली ब्राझीलमध्ये हुतुकारा ही यानोमामींची संघटना स्थापन झाली. दावी कोपेनावा हे शामान तिचे प्रमुख. हुतुकारा म्हणजे सृष्टीच्या आरंभी कोसळलेलं जुनं आकाश. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती त्या आकाशाची पाठ आहे, आणि शामान राहिले नाहीत तर नवं आकाशही कोसळेल, असं ते सांगतात. वातोरिकी गावचे मोर्झानिएल इरामारी यांनी याच वातावरणात कॅमेरा हाती घेतला. त्यांचा ‘मारी ही’ हा २०२३चा लघुपट स्वप्नांच्या झाडाबद्दल आहे. ते झाड फुललं की त्याची फुलं माणसांना स्वप्नं पाठवतात. कोपेनावांचा आवाज, जंगल, झोपलेली माणसं. ब्राझीलच्या ‘एव्हरीथिंग इज ट्रू’ या माहितीपट महोत्सवात लघुपटांचं पारितोषिक त्याला मिळालं.

डाउनीची टेप आणि हा लघुपट लागोपाठ बघितले की फरक कळतो. डाउनी ‘मी इथे काय करतोय’ हे विचारत राहतो, आणि ते त्याने विचारलंच पाहिजे होतं. इरामारींना ते विचारावं लागत नाही. त्यांचा कॅमेरा झाडाच्या फांद्यांवर, निजलेल्या माणसावर, धुरावर रेंगाळतो, आणि स्वप्नाचा अर्थ परक्यांना उलगडून सांगण्याची घाई कुठेही दिसत नाही. कलाकृती म्हणून डाउनीची टेप अधिक धीट आहे असं मी अजूनही म्हणेन. पण यानोमामींचं विश्व आतून कसं दिसतं, यासाठी मी इरामारींकडे जाईन.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा इथे आहे. २०१२ साली पॅरिसच्या फोंदासियों कार्तिए या संस्थेच्या मोठ्या प्रदर्शनात जोसेका आणि तानिकी या यानोमामी चित्रकारांची चित्रं आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं एकाच प्रदर्शनात होती. दोन्हीकडे लग्नात, विधीत, अंगणात राहणारी विश्वकल्पना कागदावर आली आणि जगभर फिरली.

आता डाउनीच्या टेपचं काय करायचं? संग्रहालयं अशा वेळी नेहमीचे उपाय सुचवतात. एक, चित्रणातल्या माणसांची नावं शोधून पाटीवर लिहायची. इतरत्र हा न्याय आहे, इथे तो अपराध ठरेल, कारण मृताचं नाव घेणं हीच तर बंदी आहे. दुसरा, ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या चित्रणाबाबत पाळतात तशी सूचना सुरुवातीला द्यायची : यात मृत व्यक्तींच्या प्रतिमा आहेत. त्याने आप्तांना नजर वळवता येते, पण यानोमामींचा रिवाज नजर वळवण्यावर थांबत नाही. तिसरा उपाय, टेप दाखवणंच बंद करायचं. तो मला पटत नाही. ‘उग्र लोक’ म्हणणाऱ्या चित्रणाच्या प्रती जगभर असताना हसण्याची कथा सांगणारी टेप तेवढी कुलपात ठेवणं हा उलटा अन्याय होईल, आणि हा निर्णय परस्पर आपणच घेतला तर तो पुन्हा न्यूयॉर्कच्या टेबलावरच झाला.

व्हेनेझुएलाच्या यानोमामींची होरोनामी ही स्वतःची संघटना २०११पासून आहे. मूळ टेप, न वापरलेलं चित्रण आणि फोटो यांची संपूर्ण प्रत आधी तिच्याकडे गेली पाहिजे. ओरिनोकोच्या ज्या वस्त्यांत चित्रण झालं तिथल्या आप्तांना काय ठेवायचं, काय झाकायचं आणि काय नष्ट करायचं ते ठरवायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, आणि त्यांनी एखादं दृश्य नको म्हटलं तर संग्रहालयांनी आपली प्रतही त्याप्रमाणे बदलली पाहिजे. रक्ताचे नमुने परत जायला जवळजवळ पाच दशकं लागली. डाउनीच्या टेपला २०२९ साली पन्नास वर्षं पूर्ण होतील, आणि एवढं काम त्याआधी होऊ शकतं.